वेगाला समृद्धी मिळाली, आता गावरस्ता सायकलला द्या

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग पुरा झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा असलेल्या या रस्त्यावर दुचाकी, तीनचाकी आणि सायकल यांना मज्जाव आहे. तो योग्यच आहे. एवढ्या वेगाच्या वाहनांत सायकल घालणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. पण या मनाईतून एक प्रश्न उभा राहतो आणि त्याची चर्चा कुठेच झाली नाही. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी राज्याने हजारो कोटी खर्चून स्वतंत्र रस्ता बांधला. मग ज्यांना घाई नाही, किंवा ज्यांच्या वाहनाला इंजिनच नाही, त्यांच्यासाठी राज्य कोणता रस्ता राखून ठेवणार आहे? माझे म्हणणे असे की, समृद्धी ज्या नाशिक जिल्ह्यातून जाते, त्याच जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातले गावरस्ते राज्याने सायकलला प्राधान्य देणारे रस्ते म्हणून जाहीर करावेत. ते गुळगुळीत ठेवावेत, त्यांच्या साइडपट्ट्या भराव्यात, त्यांवरचा वेग बांधून टाकावा. मात्र ते रुंद करण्याच्या मागे लागू नये. त्यातून पर्यटन वाढेल हे खरे, पण या मागणीचा पाया पर्यटन नाही. बाहेरून आलेल्या सायकलस्वाराला जसा रस्ता हवा असतो, तसाच रस्ता गावातल्या शाळकरी मुलीलाही हवा असतो. या दोघांची गरज एक आहे, हा या मागणीचा पाया आहे.

नाशिकच्या रस्त्यांविषयी मुंबईच्या उपनगरातल्या माणसाने का बोलावे, असे कोणी विचारेल. बोलावे, कारण रस्त्याची रुंदी एकदा मोटारींच्या हवाली केली की ती परत मिळत नाही, हे उपनगरांनी पाहिले आहे. भांडुप आणि मुलुंड यांच्यामधल्या नाहूरला २००६ मध्ये स्थानक मिळाले. लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखान्यांच्या जागी मनोरे आले आणि वाहने कैक पटींनी वाढली. सायकलीसाठी या भागात एक चांगली कल्पना पुढे आली होती. तानसा जलवाहिनीच्या कडेची अतिक्रमणे हटवून मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करण्याचे महापालिकेने ठरवले होते. प्रत्यक्षात हाती आले ते तुकडे, आणि तुकड्यांनी प्रवास होत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकलमार्ग बांधला गेला, पुढे वाहनांच्या कोंडीचे कारण देऊन ती जागा रस्तारुंदीकरणाला देण्याचा निर्णय झाला. परिणामी मुलुंड, नाहूर, भांडुपच्या सायकलस्वारांना आज दिवस उजाडण्याआधी पूर्व द्रुतगती मार्गावर चक्कर मारून वर्दळ सुरू होण्यापूर्वी घरी परतावे लागते. मुंबईने सायकलीचा विचार केला तेव्हा जागा संपली होती. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या दिंडोरी आणि निफाडमध्ये जागा अजून आहे, म्हणून तिथला निर्णय आत्ताच व्हायला हवा.

हा पट्टा सायकलीसाठी जणू घडवलेला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरचे पठार, पश्चिमेला सह्याद्रीचे सुळके, मधूनमधून धरणांचे जलाशय आणि काळ्या जमिनीचे चढउतार. नाशिकहून गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडेने गिरणाऱ्याला जावे, किंवा रामशेज किल्ल्याच्या पायथ्यावरून दिंडोरी गाठावी, किंवा जानोरी-मोहाडीच्या बाजूने पिंपळगाव बसवंतकडे उतरावे. दर चार-सहा किलोमीटरला गाव लागते, पारावर पाणी आणि टपरीवर चहा मिळतो. चढ दमवतात, पण छातीवर येत नाहीत. निफाडच्या टोकाला गोदावरी-कादवा संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर आहे. २०२० मध्ये रामसर यादीत दाखल झालेले महाराष्ट्रातले ते पहिले पाणथळ ठिकाण, आणि तिथले स्थलांतरित पक्षी येतात तेही थंडीतच. द्राक्षाचे वेळापत्रक आणि सायकलीचे हवामान यांचाही मेळ बसतो. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी होते, डिसेंबरपर्यंत घड भरू लागतात, जानेवारी ते मार्च-एप्रिल काढणी चालते. सायकलीला योग्य अशी कोरडी, थंड हवा नेमकी याच महिन्यांत असते. निफाडचा पारा तर राज्यात सर्वांत खाली उतरणाऱ्या ठिकाणांत मोजला जातो. याच जिल्ह्यातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. सायकलची संस्कृती इथे नव्याने रुजवायची नाही; ती रुजलेली आहे.

तरीही या रस्त्यांची कसोटी वीरांवरून लावू नये. ती लावायची असेल तर काढणीच्या दिवसांत शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्याची कड पाहावी. डांबराची पट्टी जेमतेम पावणेचार मीटरची. कडेला डांबर तुटून खाली चार-सहा बोटांची पायरी झालेली, तिच्याखाली भुसभुशीत काळी माती आणि मातीत ट्रॅक्टरच्या चाकांचे वाळलेले चर. समोरून क्रेटांनी भरलेली पिकअप आणि मागून मोटार आली की दप्तर कॅरिअरला बांधलेली मुलगी सायकलवरून उतरते, सायकल त्या पायरीखाली घालते, वाहने जाईपर्यंत उभी राहते आणि पुन्हा चढते. घरी पोहोचेपर्यंत हे किती वेळा होईल याला मोजमाप नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात, कारण शाळेचे अंतर हे मुलीचे शिक्षण सुटण्याचे एक मोठे कारण आहे. योजना उत्तम आहे, पण सायकल देणारे सरकार सायकलीचा रस्ता देत नाही. पेठ-सुरगाण्याहून छाटणी, विरळणी आणि काढणीसाठी येणारे आदिवासी मजूरही याच कडेने चालतात. रस्ता आखताना ट्रॅक्टर, ट्रक आणि मोटार यांची गणती होते, मुलगी आणि मजूर यांची होत नाही. मुंबईहून आलेल्या सायकलस्वाराला त्या कडेवर जी भीती वाटते, ती या दोघांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. फरक एवढाच की सायकलस्वार आवाज उठवू शकतो. त्याने तो स्वतःपुरता न उठवता या दोघांसाठी उठवावा.

प्रश्न मुळात वेगाचा आहे, आणि वेगाचे गणित साधे आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ६० किलोमीटरने आलेली मोटार ३० ने आलेल्या मोटारीच्या चौपट जोराने आदळते. ताशी ३० च्या वेगात धडक बसलेला पादचारी बहुतेक वेळा वाचतो, ५० च्या पुढे वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणूनच रस्ता सुरक्षेवरील २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ही मर्यादा असावी, असा आग्रह धरला गेला. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. रस्ता रुंद आणि सरळ झाला की अपघात कमी होतात, ही समजूत गावरस्त्याला लागू पडत नाही. घरे, शाळा, गोठे आणि बांध यांच्यामधून जाणारा रस्ता रुंद झाला की चालकाचा पाय आपोआप जास्त दाबला जातो. मग अपघात होतो, मग गाव एकत्र येऊन रात्रीत काटकोनी गतिरोधक घालते आणि त्यावर आपटून दुचाकीस्वारच पडतो. वेग आधी वाढवायचा आणि नंतर तो अडवायला उंचवटे घालायचे, हा दुहेरी खर्च टाळता येतो. रस्ता मुळातच अरुंद ठेवला, गावाच्या वेशीवर तो किंचित वळवला, शाळेसमोर पसरट, उतरते गतिरोधक घातले आणि कडेची झाडे राखली की फलक न वाचताही चालक सावकाश जातो.

जगातल्या द्राक्षप्रदेशांना हे उमगले आहे. फ्रान्सच्या अल्सास भागात १९५३ मध्ये सुमारे १७० किलोमीटरचा द्राक्षमार्ग आखला गेला. त्याला समांतर सायकलमार्गही आज आहे, आणि तो बऱ्याच ठिकाणी द्राक्षमळ्यांतल्या शेतवाटांवरूनच जातो. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि सायकल एकाच वाटेवर, बाकी मोटारी बाहेर, इतकी सोपी ती व्यवस्था आहे. इटलीतले उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. तस्कनीतल्या क्यांती या द्राक्षांच्या डोंगराळ मुलखात पांढऱ्या खडीचे जुने गावरस्ते होते आणि त्यांवर एकामागून एक डांबर चढत होते. ते रस्ते वाचावेत म्हणून १९९७ मध्ये गायोले इन क्यांती या छोट्या गावातून जुन्या सायकलींची ‘एरोइका’ ही फेरी सुरू झाली. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच प्रकारच्या रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत सुरू झाली आणि पुढे शर्यतीचे नावच ‘पांढरे रस्ते’ असे पडले. मागासलेपणाची खूण समजून जे पुसले जात होते, तेच त्या प्रदेशाचे वैभव ठरले. आपल्याकडे पाणंद रस्ते आहेत. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून त्यांचे मजबुतीकरण होते आहे. शेतात बारमाही जाता यावे हा त्या योजनेचा हेतू आहे, तो पुरा व्हायलाच हवा. पण दोन गावे जोडणाऱ्या पाणंदींवर सायकलचा फलक आणि दिशादर्शक बाण लावले तर वेगळा सायकलमार्ग बांधण्याचा खर्च बऱ्याच ठिकाणी वाचेल.

याला पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याचाच असेल. द्राक्ष हा निर्यातीचा माल आहे, तो वेळेत जायला हवा, मग रस्ते रुंद नकोत असे म्हणणे शहरी लोकांचा लाड नव्हे काय? देशातल्या द्राक्षांपैकी बहुतांश महाराष्ट्रात पिकतात आणि त्यांत नाशिकचा वाटा मोठा आहे; हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. पण मालाचा प्रवास नीट पाहिला तर त्याचे दोन भाग पडतात. बागेपासून शेडपर्यंत किंवा पॅकहाउसपर्यंत माल क्रेटमधून पिकअपने आणि ट्रॅक्टरने जातो. तिथून शीतकंटेनर महामार्गाने न्हावाशेवा बंदराकडे निघतो. रुंदी दुसऱ्या भागाला लागते. पॅकहाउसपासून महामार्गापर्यंतचे मोजके जोडरस्ते जरूर रुंद करावेत, तिथे सायकलमार्ग नेऊ नये. पहिल्या भागाला रुंदीपेक्षा गुळगुळीतपणा हवा असतो, कारण खड्ड्यांच्या हिसक्यांनी देठ सुटतात, मणी गळतात आणि निर्यातीचा घड स्थानिक बाजारात स्वस्तात विकावा लागतो. खड्डा सायकलस्वाराला पाडतो आणि बागायतदाराचा दर पाडतो. दोघांची मागणी एकच आहे: डांबर सलग असावे, कडा मुरमाने भरलेल्या असाव्यात, समोरासमोर वाहने आली तर टेकायला ठरावीक अंतरावर जागा असावी. रुंदीकरणावर एका रस्त्याला जो पैसा लागतो, त्यात अशा अनेक रस्त्यांची नीट डागडुजी होते.

दुसरा आक्षेप बागेच्या सुरक्षिततेचा आहे. भुरी आणि डाऊनी या रोगांच्या काळात ब्लोअरने फवारण्या चालतात, त्यांचा तुषार रस्त्यावर येतो. शिवाय निर्यातीच्या बागेत परक्या माणसाने शिरणे धोक्याचे असते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाच्या अंशांमुळे युरोपात गेलेली आपली द्राक्षे अडकली आणि बागायतदारांना जबर तडाखा बसला. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद आणि प्रत्येक फवारणीचा हिशेब ठेवावा लागतो, त्यामुळे शेतकऱ्याची सावधगिरी समजण्यासारखी आहे. त्यावर उपाय नियमांचा आहे. सायकलमार्ग रस्त्यावरूनच जाईल, बागेत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल नाही, घडाला हात नाही, फवारणी चालू असेल तिथे लाल झेंडा आणि थांबण्याची सक्ती. आज मोटारीतून उतरून बागेत छायाचित्रे काढणाऱ्यांना कोणताच नियम नाही. मार्ग अधिकृत झाला तर नियम तरी लागू करता येईल. याच जोडीला दारूचा मुद्दा येतो. वाइन सुपरमार्केटमधून विकण्याचा राज्य सरकारचा जानेवारी २०२२ चा निर्णय किती वादग्रस्त ठरला हे सर्वांना आठवत असेल, आणि द्राक्षबागांतून सायकल म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर वाइनचा पेला येतो. पण नाशिकची बहुतेक द्राक्षे खाण्याची आहेत. वाइनच्या जातींचे क्षेत्र त्या मानाने थोडे. थॉमसन, सोनाका, शरद या बागांमधून जाणाऱ्या रस्त्याचा मद्यालयाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. उलट वाइनरीच्या दारात मोटारी लावून पिऊन परत निघणाऱ्यांचा धोका गावांना आजच आहे, आणि वेगमर्यादेचा पहिला फायदा तिथेच होईल.

तिसरा आक्षेप वर्गाचा आहे. लाखाची सायकल आणि चष्मा-हेल्मेट घातलेल्या शहरी हौशींसाठी सरकारने गावात खर्च का करावा? ते जर या मागणीचे एकमेव लाभार्थी असते तर हा आक्षेप मी मान्य केला असता. पण वर सांगितलेली प्रत्येक सुधारणा आधी शाळकरी मुलीच्या, मजुराच्या आणि दूध घालायला निघालेल्या शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे. पाहुणा त्यांच्या मागून येतो. शिवाय पाहुण्यापाहुण्यात फरक असतो. मोटारीने आलेला पर्यटक एका ठिकाणी उतरतो, खातो आणि परत जातो. वाटेतल्या गावांना त्याच्याकडून धूळ मिळते. सायकलस्वाराला दर तासा-दीड तासाला थांबावे लागते, पाणी, खाणे, सावली, कधी पंक्चर काढणारा लागतो, आणि दमलेला माणूस मुक्कामही करतो. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुणे ठेवण्याची वाट मोकळी केली आहे. त्या वाटेवरून पाहुणा आणणारा रस्ता मात्र धोरणात दिसत नाही. ही व्यवस्था सांभाळणार कोण, याचेही उत्तर दिंडोरी तालुक्यातच आहे. वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या, त्यांचा प्रकल्प पातळीवर संघ केला आणि पाण्याचे वाटप, पट्टीची वसुली, कालव्याची देखभाल स्वतः करून दाखवली. मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी जगभर द्राक्षे पाठवते. ज्या मुलखाने पाणी आणि बाजार सामूहिकपणे हाताळला, त्याच्या ग्रामसभांना आठ-दहा गावांचा सायकलमार्ग सांभाळणे जड नाही. निर्णयही त्यांचाच असावा. ज्या गावाला नको, तिथून मार्ग जाऊ नये.

राहिला प्रश्न तिथे पोहोचण्याचा, आणि तो सोडवणे रेल्वेच्या हाती आहे. नाहूरला जलद गाडी थांबत नाही. ठाण्याला गाडी बदलून कसाऱ्यापर्यंत लोकलने जाता येते, पण पुढचा घाट महामार्गाचा, ट्रकांच्या रांगांचा आहे आणि तिथे सायकल घालण्याचा सल्ला कोणालाही देता येणार नाही. लोकलचा मालडबा भाजीवाले, मासेवाल्या आणि डबेवाले यांच्या हक्काचा. त्यांच्या पोटावर पाय देऊन हौशी सायकली भरू नयेत. नाशिकच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकल सोबत नेता येत नाही, ती पार्सल कचेरीत नोंदवून ब्रेक व्हॅनमध्ये टाकावी लागते. त्यामुळे होते काय, तर सायकल चालवायला जाणारा माणूस सायकल मोटारीच्या पाठीवर बांधून महामार्गाने नाशिकला जातो आणि ज्या गर्दीपासून सुटका हवी तीच गर्दी वाढवतो. नागपूर मेट्रोत आणि मुंबई मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गिकांवर सायकल नेऊ दिली जाते. तपोवन आणि पंचवटी या गाड्यांत शनिवार-रविवारी एका डब्याच्या टोकाला आकडे लावून, तिकिटासोबत आरक्षण करून, दहा-वीस सायकलींची सोय करणे रेल्वेला अशक्य नाही. नाशिक रोडला उतरून शहराबाहेर पडेपर्यंतचा पट्टा महापालिकेने खुणा करून द्यावा. पुढचे रस्ते गावांचे.

नाशिकमध्ये २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे सुरू आहेत. कुंभमेळ्याला कोट्यवधी भाविक येतात, त्यांच्यासाठी मुख्य मार्ग मोठे करावेच लागतील. पण रस्त्यांच्या कामांची अशी लाट आली की गरज नसलेले रस्तेही तिच्यात रुंद होतात, कडेची वडा-चिंचांची झाडे जातात आणि मेळा संपल्यावर रुंदी तेवढी उरते. म्हणून जिल्हा परिषदेने आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने दिंडोरी, निफाड, नाशिक आणि इगतपुरी तालुक्यांतल्या गावरस्त्यांची यादी आत्ताच करावी. रुंदीकरणाचे कोणते, डागडुजीचे कोणते हे त्या यादीत वेगळे करावे आणि डागडुजीच्या रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा अधिसूचित करावी. सुरुवातीला एकच वर्तुळ घ्यावे: नाशिक, रामशेज, दिंडोरी, मोहाडी, जानोरी आणि परत नाशिक. त्यावर एक हंगाम काम करून पाहावे, शाळांच्या वेळेला अपघात आणि वेग मोजावेत, बागायतदारांचे म्हणणे ऐकावे आणि मग पुढे जावे. पर्यटक किती आले हा त्या मोजणीतला शेवटचा आकडा असावा. पहिला आकडा असावा तो त्या वर्तुळातल्या किती मुली सायकलने शाळेत जाऊ लागल्या याचा. तो वाढला तर मुंबईचे सायकलस्वार न बोलावता येतील. तो वाढला नाही तर कितीही पर्यटक आले तरी रस्ता चुकीचा बांधला गेला, असेच म्हणावे लागेल.